घराचं की माणसाचं?

सेटअपताई बोलताना समोरच्या माणसाच्या कानाकडे बघायच्या. ऑफिसात नव्यानं आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी हळूच कान चाचपून बघायचा, साबण-बिबण राहिलाय की काय म्हणून. मीही चाचपला होता. मग सवय व्हायची, आणि त्या आपल्या कानाशी बोलतायत हे आपण विसरून जायचो. चेहरा किंचित तिरका, नजर कुठेतरी पलीकडे, आवाज संथ. "ताई काय, स्वप्नात असतात," असं सगळे म्हणायचे. ताईंपर्यंत ते पोचायचंच. त्या नुसत्या हसायच्या आणि चहात बिस्कीट बुडवायच्या.

आमचं ऑफिस घोडबंदर रोडला. पुढच्या बाजूला खाली गाड्यांची न हलणारी रांग, मागच्या खिडकीतून येऊरचे डोंगर. कंपनी लहान. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांना कॉम्प्युटरवर मराठी वाचता यावं, यासाठी आम्ही एक सॉफ्टवेअर करायचो. अक्षर हवं तेवढं मोठं करा, काळ्यावर पिवळं करा, ओळींमध्ये मोकळी जागा सोडा, असं त्यात होतं. ते लोकांच्या कॉम्प्युटरवर नीट बसवून देणारा जो प्रोग्रॅम असतो, इन्स्टॉलर म्हणा, सेटअप म्हणा, तो ताईंचा प्रांत. म्हणून सेटअपताई. हे काम सहसा कुणाला नको असतं. लग्नात मांडव कोणी घातला हे कोण विचारतं? तो पडला की मात्र मांडववाल्याचं नाव सगळ्यांना आठवतं. ताईंनी घातलेला मांडव पाडून बघणं हे माझं काम होतं, कारण मी टेस्टर. त्यांचा मांडव सहसा पडायचा नाही, आणि मला त्याचा रागही यायचा.

सॉफ्टवेअर बसवताना मध्येच एक प्रश्न येतो, 'सगळ्यांसाठी की फक्त माझ्यासाठी?' आपण तो न वाचताच पुढे जातो. ताईंचं अर्धं आयुष्य त्या प्रश्नात गेलं होतं. एकाच कॉम्प्युटरवर घरातली चार माणसं आपापल्या नावानं बसतात. काही गोष्टी त्या यंत्राच्या असतात, कोणीही बसलं तरी त्याच. काही ज्याच्या त्याच्या. ऑफिसात आम्ही 'पर-मशीन' आणि 'पर-यूजर' म्हणायचो. ताई म्हणायच्या, "घराचं की माणसाचं?" मी नवी असताना मला त्यांनी एवढंच शिकवलं. "माठ घराचा, औषधाची बाटली माणसाची. देवघर घराचं, जपाची माळ माणसाची. हे कळलं की आमचा धंदा आला तुला, वृंदा."

प्रश्न कॉम्प्युटरपुरता राहिला असता तर ताई ताई झाल्या नसत्या. एसीवरून ऑफिसात रोज भांडण. एकाला उकडतंय, दुसरीला हुडहुडी. ताई मान वर न करता निकाल द्यायच्या, "एसी घराचा, थंडी माणसाची. शाल आणा." चहाच्या थर्मासात कोणीतरी आधीच साखर घातली तर त्या चिडायच्या. चिडायच्या म्हणजे थोड्या जास्त हळू बोलायच्या. "चहा घराचा होता रे. साखर माणसाची असते. आता हा चहा कोणाचाच राहिला नाही." त्या दिवशी आम्ही सगळे तो गोडमिट्ट चहा अपराध्यासारखे प्यायलो.

खुर्चीचंही तसंच. ताई बुटक्या होत्या. दुसऱ्याच्या टेबलाशी काही दाखवायला बसल्या की त्यांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलीसारखे ते हलत राहायचे. खुर्चीखालचा दांडा ओढला की काम झालं असतं. पण नाही. "खुर्ची घराची आहे, पण उंची तुझी आहे," असं म्हणून त्या तशाच बसायच्या. मी त्यांना एकदा म्हटलंदेखील, "ताई, तुम्ही जरा अतीच करता हं." त्यावर त्या माझ्या कानाला म्हणाल्या, "असेल गं."

कानाचं कोडं मला सुटलं ते बसमध्ये. संध्याकाळी आम्ही दोघी ठाणे स्टेशनपर्यंत बरोबर यायचो. त्या पूर्वेला कोपरीत राहायच्या, मी पुढे डोंबिवलीला. माजिवड्याला बस अडकली होती. ऊन उतरत होतं, समोरच्या काचेवर सगळीकडे तांबूस धूळ. मी म्हटलं, "ताई, पुढच्या बसचा नंबर दिसतोय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "मला बस दिसतीये. नंबर जिथे असतो तिथे धुकं आहे." मी हसले. त्या हसल्या नाहीत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, गेलेलं परत येत नाही, कडेची नजर मात्र राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "म्हणून कानाकडे बघते. कानाकडे बघितलं की तुझं तोंड कडेला येतं. मग तेवढं दिसतं." बस हलली, पुन्हा थांबली. मग त्याच म्हणाल्या, "कोड वाचता येतोय तोवर सेटअपचं एक काम पुरं करायचंय मला. ज्याचं अक्षर त्याच्याकडे राहिलं पाहिजे. व्हर्जन बदलो, काही होवो. पुढे मलाच लागणार आहे ते. ऑफिसात सांगू नकोस एवढ्यात." मी मान हलवली, आणि मग आठवलं की मान हलवलेली यांना दिसली का कोण जाणे. म्हणून मोठ्यानं "नाही सांगत" म्हटलं. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं.

त्यानंतर मी त्यांच्या पडद्याकडे चोरून बघायला लागले. अक्षरं महिन्यामहिन्यानं वाढत होती. पूर्वी पानभर कोड दिसायचा, आता पाच-सहा ओळी. ताई त्या ओळींसमोर तासन्‌तास बसलेल्या असायच्या, मान तिरकी, ओठ किंचित हलतायत. लोकांना वाटायचं, ताई स्वप्नात आहेत. आणि मी टेस्टर असूनही गप्प होते, हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

तशात डोंबिवलीच्या एका ज्येष्ठ नागरिक केंद्रातून फोन आला. केंद्रात एकच कॉम्प्युटर, आमचं सॉफ्टवेअर त्यावर, आणि आजी-आजोबा आळीपाळीनं आपापल्या नावानं वाचायला बसायचे. फोनवर केंद्राचे चिटणीस होते, आणि आमच्याकडे फोन स्पीकरवर होता. "अहो, तुमचं नवीन व्हर्जन टाकल्यापासून माझी अक्षरं हत्तीएवढी झालीत हो! काळ्यावर पिवळी! मला चांगलं दिसतं, मला कशाला एवढी मोठी? अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं." आख्खं ऑफिस खदाखदा हसलं. हत्तीएवढी म्हणे. फक्त ताईंचं बिस्कीट चहात विरघळून गेलं.

"यांची मोठी झाली," त्या म्हणाल्या, "तर कोणाची तरी लहान झाली असणार."

झालं होतं ते असं. जुन्या व्हर्जनमध्ये प्रत्येकाची अक्षरं एका जागी ठेवलेली असायची. नव्या सेटअपनं ती उचलून ज्याची त्याला द्यायची होती. पण सेटअपला फक्त समोर बसलेला माणूस कळतो, आणि सेटअप चालवणारे होते चिटणीस, कारण पासवर्ड त्यांच्याकडे. सेटअपनं शेवटी वाचून गेलेल्या माणसाची अक्षरं उचलली आणि चिटणीसांच्या पदरात टाकली. बाकी सगळ्यांना कोरं, बारीक, नेहमीचं अक्षर. ऑफिसात कोणाला हे दिसलं नव्हतं, कारण आमच्या यंत्रांवर माणूस एकच असायचा, आपण स्वतः. "सत्यनारायणाचा प्रसाद सगळ्यांसाठी केला," ताई म्हणाल्या, "आणि भटजींच्या पिशवीत घालून दिला."

त्या दुपारी आम्ही दोघी डोंबिवलीला गेलो. चिटणीस बिचारे ओशाळले होते. "मॅडम, मी तर 'सगळ्यांसाठी'च क्लिक केलेलं हो!" ताईंनी त्यांची समजूत घातली. बाकीच्या आजी-आजोबांनी आरडाओरडा करून, नातवंडांना बोलावून, अक्षरं परत मोठी करून घेतली होती. ताईंनी विचारलं, "त्या दिवशी शेवटी कोण बसलं होतं?" चिटणीस म्हणाले, "प्रधान आजोबा. ते यायचेच बंद झाले बघा. तब्येत बरी नसेल." ताई उठल्याच. मला म्हणाल्या, "रिक्षा बघ."

प्रधान आजोबा डोंबिवलीजवळच कोपरला राहायचे, मुलगा-सुनेकडे. दार त्यांनीच उघडलं. बायको गेल्यापासून आजोबांनी स्वयंपाक शिकायला घेतला होता. केंद्रात बसून ते पाककृती वाचायचे आणि घरी येऊन करायचे. मुलगा-सून कामावरून दमून आली की यांच्या हातची गरम भाजी तयार. ही माहिती आम्हाला चिटणीसांनी निघतानाच देऊन ठेवली होती. खुर्चीवर बसले तेव्हा त्यांचे हात मांडीवर नुसतेच पडलेले होते.

"मी नाही येत आता केंद्रात," ते म्हणाले. "डोळे गेले माझे. अळूची पातळ भाजी वाचत होतो. डाळ आणि दाणे भिजत घालावेत, इथवर आलेलो. दुसऱ्या दिवशी बसलो तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. डॉक्टर म्हणालेच होते, जाणार म्हणून. एका रात्रीत जातील असं वाटलं नव्हतं. सुनेला सांगितलं नाहीये मी. ती उगीच नोकरी सोडायच्या गोष्टी करेल."

"आजोबा, डोळे तुमचे होते तिथेच आहेत," ताई म्हणाल्या. "अक्षरं आम्ही हलवली. आमची चूक."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"मी कशाला खोटं बोलू? मीपण तुमच्याच वाटेवर आहे."

आजोबा पुढे झुकले आणि त्यांनी ताईंकडे निरखून बघितलं. म्हणजे ताईंच्या कानाकडे बघितलं. ताई त्यांच्या कानाकडे बघत होत्या. दोघंही तशीच बसून राहिली, मान तिरकी करून. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं आणि स्वयंपाकघरात नळ थेंबथेंब गळत होता. मग आजोबा म्हणाले, "तुमचीपण मधलीच का?" ताई म्हणाल्या, "हो. मधलीच." मी मध्ये बसले होते, आणि माझ्याकडे दोघांपैकी कोणीच बघत नव्हतं, हे फार बरं झालं, कारण मी रडत होते.

आजोबांना रिक्षात घालून आम्ही केंद्रात आणलं. ताईंनी अक्षरं स्वतः लावून दिली नाहीत. माउसवर त्यांचा हात ठेवला आणि म्हणाल्या, "वाढवा. पुरे वाटलं की थांबा." आजोबा वाढवत गेले. पडद्यावर शेवटी दोनच शब्द मावायला लागले तेव्हा ते थांबले, आणि मोठ्यानं, एकेक शब्द चाखत वाचायला लागले. डाळ आणि. दाणे भिजत. घालावेत. अळूची पानं. देठासकट. मग एकदम खुर्चीत वळून चिटणीसांना म्हणाले, "अहो, आंबटचुका! आंबटचुका घालतात त्यात! मी तर चिंच घालणार होतो." चिटणीस म्हणाले, चिंचही चालते. त्यावर वाद झाला आणि आम्ही निघालो.

ऑफिसात पुढे रीतसर मीटिंग झाली. आमचे साहेब ताईंहून वयानं लहान, माणूस सरळ. ते म्हणाले, "ताई, सेटअप बसतानाच सगळं लावून टाकण्याचा काहीतरी मार्ग काढा ना. पहिल्यांदा उघडल्यावर प्रत्येकाला विचारत बसलो की लोकांना कटकट वाटते." ताईंनी विचारलं, "पंगतीत पाहुणे बसायच्या आधी पानावर काय वाढून ठेवतात?" साहेब गोंधळले. "मीठ... लिंबू. चटणी." "आणि भात?" "भात बसल्यावर." "बसल्यावर, आणि किती ते विचारून," ताई म्हणाल्या. "सेटअपनं पान मांडावं, मीठ-लिंबू वाढावं आणि बाजूला व्हावं. ज्याचं अक्षर, तो येऊन बसला की त्याला द्यायचं. आधीचं सापडलं तर तेच, नाही तर त्याला विचारून. वाढप्यानं रिकाम्या पाटासमोर भात वाढू नये." आणि मग त्यांनी डोळ्यांचंही सांगून टाकलं. सगळ्यांसमोर, त्याच संथ आवाजात, एसीविषयी बोलावं तसं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हवा तेवढा वेळ घ्या, ताई."

वेळ साहेबांच्या हातात नव्हता, हे मला आणि ताईंना माहीत होतं. ते शेवटचं काम आम्ही जवळजवळ जोडीनं केलं. पडद्यावर एकच ओळ मावायची, तीही तुटून. ताई कडेनं बघत लिहायच्या, मी वाचून दाखवायचे, त्या "थांब" म्हणायच्या आणि डोळे मिटायच्या. मिटल्या डोळ्यांनी त्यांना आख्खा सेटअप दिसायचा, खोल्या, दारं, कोण कुठे बसतं, कोणाचं काय कुठे ठेवलंय. त्या वेळी त्या खरंच स्वप्नात असायच्या. पुरं झाल्यावर मी एका यंत्रावर आजी, आजोबा, मामा, आत्या अशी खाती उघडली आणि तो मांडव पाडायला जिवाचं रान केलं. हाणला, ढकलला, अर्ध्यात वीज बंद केली. आत्याचं अक्षर आत्याकडेच राहिलं. "अजून एकदा पाड," ताई म्हणाल्या. मी पाडला. नाही पडला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला.

नवीन व्हर्जन लोकांकडे गेलं आणि थोड्याच दिवसांनी ताईंनी नोकरी सोडली. निरोपाला भाषण केलं नाही. जाताना आपल्या खुर्चीचा दांडा ओढून ती वर-खाली केली आणि म्हणाल्या, "आता ही कोणाच्याच उंचीची नाही. बसेल त्यानं लावून घ्यावी."

मग माझे रविवार कोपरीला जायला लागले. ताई एकट्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला. दुपारी आम्ही गच्चीत बसायचो. तिथून इमारतींच्या फटीतून खाडी दिसायची. मला नुसता चिखल आणि पाणी दिसायचं. ताई भलतीकडे बघत म्हणायच्या, "कडेला काहीतरी गुलाबी हलतंय बघ." मी डोळे ताणून बघितलं की लांबवर रोहित पक्ष्यांचा थवा असायचा. एकदाही मला तो आधी दिसला नाही.

घरी त्यांचा एक जुना कॉम्प्युटर होता. सुरू केला की पडद्यावर नावं यायची. ताईंचं, मुलीचं, आणि यजमानांचंही. मी एकदा विचारलं, "ताई, गेलेल्या माणसाचं खातं कशाला ठेवायचं?" "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "नावाचं खातं आहे, खात काहीच नाही बिचारं." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसल्या. आमचं नवं व्हर्जन त्यावर मीच बसवलं. प्रश्न आला, मी मोठ्यानं वाचला, आणि दोघी एकदम म्हणालो, "सगळ्यांसाठी!" मग ताई आपल्या नावानं बसल्या, अक्षर आपलं आपण वाढवलं, आणि वाचायला लागल्या. दोन-दोन शब्द, प्रधान आजोबांसारखेच. संध्याकाळ होईपर्यंत त्यांचं एक पान झालं. इतकं हळू वाचलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि इतकं लक्ष देऊनही.

पुढच्या एका रविवारी गेले तर पडद्यावर चौथं नाव. वृंदा. मी म्हटलं, हे काय? ताई म्हणाल्या, "तू बसलीस की माझी अक्षरं बारीक करतेस, आणि जाताना तशीच ठेवतेस. किती वेळा परत लावायची मी? तुझं तुला घे." मी तेव्हा थोडी फुरंगटलेही. मला वाटलं, बोलणी खाल्ली आपण.

मग त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. कोपरीत आज ही गेली, उद्या ती, असं चाललंच होतं. मुलगी न्यायला आली. सामान बांधलं, त्यात कॉम्प्युटरही बांधला. ताई निघताना माझ्या कानाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "येत जा." डोंबिवलीहून कोपरीला येत जा म्हणावं तसं म्हणाल्या. टॅक्सी वळेपर्यंत मी हात हलवत होते, ते त्यांना कडेनं तरी दिसलं असेल.

आता फोन होतात. परवा त्यांचा आला, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. प्रधान आजोबांनी आता पुरणपोळीला हात घातलाय, हे मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "अगं, काल नात कॉम्प्युटरवर बसली होती. विचारत होती, आजी, वृंदा कोण? ती तर इथे राहत नाही. तिचं नाव काढून टाकू का?"

"काढा की, ताई," मी म्हटलं. "मी काय आता रविवारची येणारे थोडीच?"

"वा गं. मी सांगितलं तिला, अजिबात हात लावायचा नाही."

"पण कोण म्हणून सांगितलंत?"

तिकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"कोण म्हणजे? म्हटलं, घरचं माणूस आहे."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ ओला टॉवेल हातात घेऊन, कान चाचपत उभी होते.